एक बाई, तीन अहवाल

कार्यकर्ती : काका, तुम्ही अहवालांची बाजू घेणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. हिशेब द्यावा लागतो ही माझी तक्रार नाही. पैसा घेतला की हिशेब द्यायचाच. तक्रार आहे ती कशाचा हिशेब मागतात याबद्दल. अमेरिकेत गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठी काम करणाऱ्या आमच्यासारख्या संस्थांना ‘व्होका’चा, म्हणजे १९८४ च्या व्हिक्टिम्स ऑफ क्राइम अ‍ॅक्टखालचा पैसा राज्य सरकारमार्फत मिळतो. त्याबदल्यात दर तिमाहीला परफॉर्मन्स मेजरमेंट टूल नावाच्या ऑनलाइन फॉर्मात आकडे भरायचे. तीन महिन्यांत किती माणसांना सेवा दिली, त्यांत नवी किती, नाव न सांगता आलेली किती. मग वंश, लिंग, वय. मग गुन्ह्याचा प्रकार. मग सेवेचा प्रकार. आता पाहा. रात्री दीडला एक बाई येते. ओठ फुटलेला, मूल कडेवर, पायात चप्पल नाही. मी दार आतून लावते, मुलाला दूध देते, तिच्याशेजारी पहाटेपर्यंत बसते. फॉर्मात ते ‘भावनिक आधार किंवा सुरक्षितता सेवा’ या सदरात जातं : एक. सकाळी कोर्टात तिच्याबरोबर चार तास थांबून संरक्षण आदेश मिळवला : ‘न्यायव्यवस्थेतली मदत’, एक. दुपारी कुणाला तरी फोनवर दुसऱ्या संस्थेचा नंबर दिला, दोन मिनिटांत : ‘माहिती व संदर्भ’, तेही एकच.

हिशेबनीस : अगं, पण ते तीन एक तीन वेगवेगळ्या ओळींत आहेत ना? त्यांची बेरीज करून ‘कार्यक्षमता’ काढ असं फॉर्म म्हणत नाही. तसं म्हणणारा कुणी वर बसला असेल तर त्याच्या नावानं बोटं मोड. मी आयुष्यभर आपल्याकडची उपयोगिता प्रमाणपत्रं पाहिली. सामान्य वित्तीय नियमांतला नमुना १२-अ घे. आरंभीची शिल्लक किती, अनुदान किती आलं, खर्च किती झाला, अखर्चित किती राहिलं. कामाबद्दल त्यात एखाददुसरं कलम, आणि खाली सही-शिक्का. मार्चअखेरीला तो कागद आला की पुढचा हप्ता सुटतो. त्या कागदावरून तुला कळणार नाही की पैसा बाईपर्यंत पोचला की खुर्च्यांपर्यंत. तुमचा फॉर्म निदान माणसांबद्दल विचारतो.

आणि तो पैसा कुणाचा हेही लक्षात घे. क्राइम व्हिक्टिम्स फंडात येतात ते केंद्रीय गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचे दंड, जप्तीच्या रकमा. मुख्यतः बड्या कंपन्यांचे. करदात्याच्या खिशातून थेट काही जात नाही. मला हीच धोक्याची जागा वाटते. स्वतःचे पैसे गेले की माणूस तावातावानं विचारतो, माझ्या पैशाचं काय केलंत? इथं तो विचारणारा मुळातच गैरहजर आहे. ज्या बाईसाठी पैसा आहे ती विचारायच्या अवस्थेत नाही. मग विचारणार कोण? कुणीतरी कागदावर विचारलं पाहिजे.

कार्यकर्ती : विचारा ना. पण विचारणारा एकच असावा. माझ्याकडच्या त्याच बाईचं घ्या. ती झोपते त्या खोलीचा खर्च कुटुंबातल्या हिंसेविरुद्धच्या निधीतून, ज्याला आम्ही ‘फिप्सा’ म्हणतो. तिच्याशी बोलणाऱ्या समुपदेशकाचा पगार व्होकातून. तिच्या वकिलाचा पगार महिलांवरील अत्याचारांसाठीच्या १९९४ च्या कायद्याच्या, ‘वावा’च्या अनुदानातून. व्होकाचा अहवाल तिमाही. फिप्साचा वार्षिक, ऑक्टोबर ते सप्टेंबर. वावाच्या काही अनुदानांचा सहामाही, काहींचा जानेवारी ते डिसेंबर. तीन ठिकाणी तीन व्याख्या, आणि तिन्ही ठिकाणी ती अख्खी मोजली जाते. कागदोपत्री तीन बायका वाचल्या. मी खोटं काही लिहिलेलं नाही. तिन्ही अहवाल बरोबर आहेत.

त्यात आणखी एक. फॉर्म म्हणतो, एका तिमाहीत एक माणूस एकदाच मोजा. म्हणजे जानेवारीत आलेली बाई मार्चमध्ये पुन्हा आली तर ती तीच आहे हे मला ओळखता यायला हवं. त्यासाठी तिचं नाव, जन्मतारीख कुठंतरी लिहून ठेवायला हवी. आमच्या कामात सगळ्यात जोखमीची गोष्ट तीच. नवरा पोलिसात असेल, संगणकाचा जाणकार असेल, आमच्याच ऑफिसात कुणाचा तरी भाऊ असेल. दोनदा मोजू नये म्हणून तिला नोंदायचं, आणि नोंदलं की ती सापडू शकते.

हिशेबनीस : हे मात्र खरं कोडं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या खात्यातल्या माणसांकडे नाही हे कबूल. पण त्या फॉर्मात एक गोष्ट मला फार आवडली. वंशाच्या आणि वयाच्या रकान्यांत दोन वेगळे पर्याय आहेत : ‘सांगितलं नाही’ आणि ‘आम्ही नोंदच ठेवत नाही’. तीस-पस्तीस वर्षांत असा प्रामाणिक रकाना मी पाहिला नाही. आपल्याकडे रिकामी चौकट दिसली की वरचा साहेब फोन करतो आणि खालचा कारकून अंदाजानं काहीतरी ठोकून देतो. इथं चौकटच म्हणते, विचारलं नसेल तर विचारलं नाही असं लिहा.

आणि हे रकाने शोभेला नाहीत. नियम म्हणतो, राज्यानं दरवर्षीच्या पैशातले किमान १० टक्के लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी, १० टक्के घरगुती अत्याचारासाठी, १० टक्के बालअत्याचारासाठी आणि आणखी १० टक्के आजवर ज्यांच्यापर्यंत सेवा पोचल्या नाहीत अशांसाठी ठेवले पाहिजेत. कोण पोचलं नाही हे तुला कसं कळणार? जी बाई दारात आली ती तू पाहतेस. जी आलीच नाही ती फक्त आकड्यांत दिसते, कोऱ्या जागेच्या रूपात. गावात पाचवा हिस्सा लोक स्पॅनिश बोलणारे, आणि तुझ्या यादीत त्यांची बाई एकही नाही, हे तुला तुझ्या डोळ्यांनी दिसणार नव्हतं. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांनी १९८५ मध्ये ‘मानवी’ ही संस्था उभी केली. आपल्या बायका इतरांच्या दारात जात नाहीत, गेल्या तरी बोलू शकत नाहीत, हे कुणाला तरी दिसलं असणार, त्याशिवाय वेगळी संस्था कशाला?

कार्यकर्ती : दिसलं ते रकान्यातून नाही काका. दिसलं ते ओळखीपाळखीतून, देवळातून, वाणसामानाच्या दुकानातून. रकान्यात आपण सगळे ‘आशियाई’. कोरियाची आजी आणि कोल्हापूरची सून एकाच चौकटीत. इंग्रजी कमी येतं त्यांची वेगळी चौकट आहे, पण सांगलीहून आलेली एम. एस्सी. झालेली मुलगी त्यात बसत नाही. तिला इंग्रजी उत्तम येतं. तिला येत नाही ते नवऱ्याच्या आईविरुद्ध परक्या माणसापुढे मराठीत मनातल्या मनात जुळवलेलं वाक्य इंग्रजीत म्हणणं.

आणि तुमची ती कोरी जागा लहान गावात उलटते. एखाद्या कौंटीत भारतीय घरं तीन. तिमाही अहवालात ‘आशियाई, स्त्री, २५ ते ५९, घरगुती हिंसा : १’ असं छापून आलं तर त्या तीन घरांतल्या कुणालाही कळेल कोण ती. नाव लिहिलं नाही म्हणून गुपित राहिलं असं नसतं. म्हणूनच इथले कायदे कडक आहेत. बेघरांसाठीच्या सरकारी माहितीप्रणालीत आमच्यासारख्या संस्थांनी बाईची ओळख पटेल अशी माहिती भरायला मनाईच आहे. आम्ही वेगळी प्रणाली ठेवतो आणि फक्त एकत्रित आकडे देतो. आता याच्याशेजारी आपल्याकडचं सखी वन स्टॉप सेंटर ठेवा. २०१५ पासूनची योजना, निर्भया निधीतून. मूळ मार्गदर्शक सूचना काय म्हणतात? बाईची नोंद झाली की युनिक आयडी तयार होणार आणि गरजेप्रमाणे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, ठाणेदार, संरक्षण अधिकारी यांना एसएमएस जाणार. हेतू चांगला, यंत्रणा हलावी हा. पण जिचा दीर त्याच ठाण्यात आहे तिनं काय करायचं?

हिशेबनीस : त्या एसएमएसचं समर्थन मी करणार नाही. पण आपल्याकडच्या प्रश्नाचा रंग वेगळा आहे, हे विसरू नकोस. तिथं भीती ही की यंत्रणेला फार कळेल. इथं भीती ही की यंत्रणा म्हणेल, आम्हाला कळलंच नाही. ज्या वर्षी व्होका झाला त्याच १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलिसांच्या सोबतीनं महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. समाजसेविका पोलिसांच्या आवारात बसून बाईचं म्हणणं लिहून घेत. आधी एक प्रयोग होता. पुढे राज्य सरकारनं तो उचलला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. त्या वह्या-फायली नसत्या तर सरकारपुढे कोणत्या तोंडानं गेली असती ती माणसं? ‘आम्ही खूप चांगलं काम करतो हो’ म्हणून?

मी जरा कडवट बोलतो, राग मानू नकोस. तुम्ही म्हणता, फाइल दाखवणार नाही. बरोबर आहे, दाखवू नका. राज्याचा माणूस दोन वर्षांतून किमान एकदा प्रत्यक्ष पाहणीला येतो, तोही तुमच्या कपाटापाशी थांबतो. मग तो तपासणार काय? पगारपत्रक, भाड्याच्या पावत्या आणि तुम्ही स्वतःच भरलेला आकडा. त्या आकड्यामागे खरंच बाई होती की नाही हे त्याला कधीच कळणार नाही. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे प्रामाणिक संस्था म्हणते, आणि लबाड संस्थाही नेमके तेच शब्द म्हणते. तपासनिसाला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येतात. तेव्हा तुमचं गुपित जितकं पक्कं, तितकी माझी आकड्याची भूक वाढणार. यात दुष्टपणा नाही, दुसरं काही हाताशी नसतं म्हणून.

कार्यकर्ती : म्हणजे तुम्ही स्वतःच म्हणताय की तो आकडा तपासताच येत नाही! मग तो भरण्यात माझे तास का घालवता? तासांचंच बोलू या. माझ्या एका सहकारी मुलीचा पगार दोन अनुदानांतून निघतो. तिनं प्रत्यक्ष कोणत्या अनुदानाचं काम किती तास केलं हे टाइमशीटवर दिसलं पाहिजे. रडणाऱ्या बाईबरोबर बसलेली असताना तिनं डोक्यात घड्याळ ठेवायचं, आत्ता मी व्होका आहे की वावा? आणि स्वयंसेवक. नियमानं आम्ही स्वयंसेवक घ्यायला हवेत. शिवाय प्रकल्पाच्या एकूण खर्चाचा २० टक्के वाटा आमचा. सरकारचे ८० हजार डॉलर हवे तर २० हजार आम्ही उभे करायचे. रोख कुठून आणणार? म्हणून स्वयंसेवकांच्या तासांची किंमत लावून तो वाटा दाखवतात. आमच्याकडे एक निवृत्त शाळामास्तरीण आहे. हॉस्पिटलातून फोन आला की मध्यरात्री गाडी काढून जाते, बलात्कार झालेल्या मुलीच्या तपासणीच्या वेळी तिचा हात धरून उभी राहते. सकाळी सहाला परतल्यावर मी तिला म्हणते, बाई, आधी इथं सही करा, आत किती वाजता गेलात आणि बाहेर किती वाजता आलात. मागच्या वेळी ती म्हणाली, यापुढे मी येईन, पण सही करणार नाही. आता तिचे तास माझ्या वाट्यात धरता येत नाहीत.

हिशेबनीस : त्या बाईंना माझा नमस्कार सांग. पण हा वाटा २०२१ नंतर राज्याला माफ करता येतो, ते तू सांगितलं नाहीस. आणि कागदकामाचा खर्चही अनुदानातून घेता येतो. अप्रत्यक्ष खर्चाचा ठरीव दर पूर्वी १० टक्के होता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून १५ पर्यंत नेला आहे. नियम करणारे अगदीच दगड नाहीत.

कार्यकर्ती : माफीसाठीही अर्ज लागतो काका.

(दोघांना मध्येच थांबवतो, कारण आकड्यांच्या या वादात एक आकडा दोघांनीही काढला नाही. व्होकाच्या निधीतून वर्षाला किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा अमेरिकी काँग्रेस ठरवते. २०१४ मध्ये ती सुमारे ७४ कोटी ५० लाख डॉलर होती, पुढच्याच वर्षी २३६ कोटी झाली, २०१८ मध्ये ४४३ कोटींवर गेली आणि २०२४ पर्यंत १३५ कोटींवर आली. चढउतार झाला तो पीडितांची संख्या वाढली-घटली म्हणून नव्हे. कंपन्यांचे दंड जमा होतील तशी गंगाजळी चढते-उतरते. शिवाय सरकारी वकील मोठ्या कंपन्यांशी खटल्याऐवजी समझोते करू लागले आणि त्या समझोत्यांचा पैसा या निधीऐवजी सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाऊ लागला. मला स्वतःला हे सगळ्यात विचित्र वाटतं : खालचा माणूस दर तिमाहीला शेकडो आकडे वर पाठवतो, आणि वरून खाली येणारी रक्कम ठरते ती ज्यांचा त्या आकड्यांशी काही संबंध नाही अशा गोष्टींनी.)

कार्यकर्ती : हेच मी म्हणणार होते. त्या सगळ्या वर्षांत आम्ही एकही तिमाही चुकवली नाही. पैसे वाढले तेव्हा अहवालामुळे वाढले नाहीत, कमी झाले तेव्हा अहवाल आडवा आला नाही. एक समुपदेशक काढावी लागली. तिच्या जाण्यानं ‘सेवा दिलेल्या व्यक्ती’ कमी झाल्या, आणि पुढच्या तिमाहीत राज्याचा ई-मेल आला की आकडा का घसरला याचं स्पष्टीकरण द्या!

हिशेबनीस : तो ई-मेल पाठवणाऱ्याला मी ओळखतो असं समज. प्रत्येक खात्यात एक असतो. पण अहवालांमुळे काहीच झालं नाही हे मान्य नाही. २०२१ च्या जुलैमध्ये समझोत्यांचा पैसा पुन्हा या निधीत वळवणारी दुरुस्ती मंजूर झाली. सिनेटमध्ये १०० विरुद्ध शून्य! त्या देशात हल्ली सूर्य पूर्वेला उगवतो यावरही शंभर जण एकत्र येणार नाहीत. प्रत्येक सिनेटरला आपल्या राज्यात किती माणसं या पैशावर उभी आहेत हे सांगता येत होतं. ते सांगायला आकडे कुठून आले? तुझ्या त्या कंटाळवाण्या तिमाहीतूनच.

मात्र एक फरक मलाही आता स्पष्ट दिसतो. किती माणसं या पैशावर उभी आहेत हे तुझा आकडा सांगतो. ती माणसं नीट उभी राहिली का, हे त्याला माहीत नाही. पहिल्या गोष्टीचा पुरावा दुसऱ्या गोष्टीसाठी चालवून घेतला जातो आणि त्याकडे डोळेझाक होते, हे मी आजवर पाहिलं आहे. म्हणून विचारतो : दुसरं कळायचा काही मार्ग? फिप्सामध्ये खुद्द बायकांनाच विचारतात ना?

कार्यकर्ती : विचारतात. दोनच गोष्टी. इथं मिळालेल्या मदतीनंतर, स्वतःच्या सुरक्षिततेची आखणी कशी करायची याचे अधिक मार्ग तुम्हाला कळले का? आणि आसपास कोणती मदत मिळते याची माहिती वाढली का? प्रश्न चांगले आहेत, हे मी मान्य करते. घटस्फोट झाला का, नवऱ्याला सोडलं का, असलं काही विचारत नाहीत. कारण परत जाणारी बाई म्हणजे अपयश असं नसतं. माझ्याकडून परत गेलेली एक बाई सहा महिन्यांनी पुन्हा आली. या वेळी मुलांचे पासपोर्ट, बँकेचं पुस्तक आणि डॉक्टरांचे कागद पिशवीत घालून आली. पहिल्या खेपेला ती ‘नवी’ होती; दुसऱ्या खेपेला वेगळी तिमाही म्हणून आणखी एकदा मोजली. पिशवीत काय होतं हे कुठल्याच ओळीत नाही.

पण तुम्ही म्हणता तसं तिला विचारायचं, तर ती उत्तर कुठं बसून देते ते बघा. माझ्याच घरात, माझ्याच ताटातलं जेवून. तिचं पोर माझ्या खोलीत खेळतंय. ‘काही कळलं नाही’ असं ती लिहील? कागदावर नाव नसलं तरी अक्षर असतं.

हिशेबनीस : मग असं काहीतरी शोधू, ज्यात तिला काही विचारावं लागणार नाही, तिचं नाव लागणार नाही, दोनदा मोजली तरी बिघडणार नाही आणि तुला फुगवण्यात फायदा नाही. जागा नव्हती म्हणून किती जणींना नाही म्हणालात? फिप्साच्या अहवालात हा आकडा असतो, मी वाचलंय. मला विचारशील तर सगळ्या फॉर्मांत मी तो पहिल्या ओळीला घेईन. बाकीचे आकडे तुम्ही काय केलंत ते सांगतात; हा एकच पैसा देणाऱ्यानं काय केलं नाही ते सांगतो.

कार्यकर्ती : फुगवण्यात फायदा नाही कसा? नकार जास्त दाखवले की गरज मोठी दिसते, पुढच्या अर्जाला बळ मिळतं. तुम्ही इतकी वर्षं तपासणीत काढली आणि हे सुचलं नाही तुम्हाला? पण ते सोडा. फुगवत नाही असं धरू. रात्री फोन येतो, माझ्याकडे खाट नाही. मी नकार नोंदवत बसत नाही, शेजारच्या कौंटीत फोन लावते. तिथंही नाही. मग तिसरीकडे. पहाटे चारला साठ मैलांवर जागा मिळते, टॅक्सीचे पैसे आम्ही देतो. हा नकार धरायचा की नाही? मी धरते. माझ्याकडे जागा नव्हती हे खरं आहे. माझी सहकारी धरत नाही. तिचं म्हणणं, बाईला छप्पर मिळालं ना, मग नकार कसला? दोघींचे आकडे महिनाअखेरीला एकाच ओळीत जातात.

हिशेबनीस : आणि ज्या बाईनं साठ मैल लांब मुलाची शाळा सोडून जाणं नाकारलं, ती?

कार्यकर्ती : ती माझ्या मते नकार. सहकारिणीच्या मते आम्ही जागा दिली, तिनं घेतली नाही. राज्याच्या माणसाला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, तुमच्या संस्थेत सगळ्यांनी एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

हिशेबनीस : उत्तर अगदी माझ्या खात्यातलं आहे. एकसारखं असलं की आम्हाला ते खरं वाटतं. बरं, मग तुम्ही दोघींनी कोणती पद्धत ठेवली?

कार्यकर्ती : अजून ठरत नाही. पंधरा तारखेच्या आत ठरवायचं आहे.